नाकातून रक्त येणारी मुलगी

श्रावण लागला की आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमधून दुपारी सुपं आपटल्याचा आवाज येऊ लागतो. दादरमध्ये हल्ली मंगळागौरीचे ग्रुप झाले आहेत. सगळ्यांच्या एकसारख्या नऊवारी, एक निवेदिका, एक ढोलकी. फोन केला की येऊन सगळे खेळ करून दाखवतात. त्यांच्या तालमी या हॉलमध्ये चालतात. मी वरच्या खोलीत लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करत असते आणि खालून एकदम हसण्याची लाट येते. त्या हसण्यावरून मला न बघता कळतं की खाली कुणीतरी पुरुष झाली आहे.

झिम्म्याला बायका अशा हसत नाहीत. फुगडीनंतर हसतात ते दमून, धापा टाकत. हे हसणं वेगळंच. कुणीतरी धोतर नेसून, काजळाची मिशी काढून, छाती फुगवून आत आली आणि दुसरीच्या कमरेत हात घातला, की हे हसणं येतं. त्यात थोडी लाज असते, थोडा चेव असतो, आणि ‘हे सगळं खोटं आहे’ याचा मोठा दिलासा असतो.

ते ऐकू आलं की मी उठून खिडकी लावून घेते. याला मत्सर म्हणतात हे मला माहीत आहे. पण मत्सर हा शब्द फार भरजरी वाटतो, कुठल्यातरी आवडत्या-नावडत्या राणीचा. ‘जेलस’ म्हणावं तर तो शाळेतल्या मधल्या सुट्टीतला. माझं जे काही आहे त्याचं माप या दोन्ही शब्दांना बसत नाही. तरी सोयीसाठी मत्सर म्हणू.

हे सुरू झालं ते मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असतानाच्या श्रावणात. ऋता माझ्या वर्गात होती. ती गिरगावात राहायची, एका जुन्या इमारतीत. तिथे सगळ्या खोल्यांसमोरून एकच लांब गॅलरी जायची आणि त्या गॅलरीत सगळ्यांचं सगळं वाळत असायचं. आमच्या घरी दारं बंद असतात. मी इंग्रजी शाळेत गेले. घरात मराठी बोलायचो, पण वाचायचो इंग्रजी, आणि रडायचो तर आपापल्या खोलीत. ऋताचं दार दिवसभर उघडं. त्या उघड्या दारात चौकटीला पाठ लावून आम्ही दोघी मांगा वाचायचो.

मांगा म्हणजे जपानी कॉमिक. माटुंग्याच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडून बसणाऱ्यांकडे त्यांची इंग्रजी भाषांतरं मिळायची, सुटी सुटी. तिसरा भाग मिळे तर पहिला नसे. ती आपल्याला उलटी वाटतात. उजवीकडून डावीकडे वाचायची. दोघींनी मिळून एक पुस्तक धरलं की उजवीकडची आधी वाचते आणि पान उलटायचं काम येतं डावीकडचीवर. मी कायम डावीकडे बसायचे. ऋताला वाटायचं, मी तिला चांगली जागा देते. खरं म्हणजे मला पान माझ्या हातात हवं असायचं. तिचं वाचून झालं की ती मान वळवून माझ्याकडे बघायची. “उलट ना,” म्हणायची. आणि मी उगाच थोडी थांबायचे.

आमचं लाडकं कॉमिक विनोदी होतं. डोंगरावरची एक शाळा आणि तिथला स्वयंपाकाचा क्लब. त्यातला एक मुलगा पैज हरतो आणि त्याला वर्षभर मुलींचा युनिफॉर्म घालून यावं लागतं. शाळेत नवा आलेला प्रत्येक मुलगा त्याच्या प्रेमात पडतो. गालांवर तिरप्या रेघा, मागे फुलंच फुलं. मग कुणीतरी ओरडतं, अरे, तो मुलगा आहे! पुढच्या चौकटीत प्रेमात पडलेल्याचा दगड झालेला असतो. अक्षरशः दगड, तडे गेलेला. दर भागात हाच विनोद, दर वेळी नवा दगड. एक पीटीचे सर होते, ओठांना लिपस्टिक, हनुवटीवर निळसर खुंट. ते डोळा मारायचे आणि सगळी मुलं भिंतीला पाठ लावून उभी राहायची. एक उंच मुलगी मुलांचा कोट घालायची. ती व्हरांड्यातून गेली की मुली चक्कर येऊन पडायच्या.

आणि एक वर्गाची मॉनिटर होती. चष्मा, घट्ट वेण्या, कुणाशी फारसं न बोलणारी. तिला कॉमिकची नायिका आवडायची. नायिका बुटाची नाडी बांधायला वाकली की मॉनिटरच्या नाकातून रक्ताचं कारंजं उडायचं आणि ती आडवी व्हायची. मनात नको ते आलं की नाकातून रक्त येतं, असा त्या कॉमिकांचा संकेत आहे. शुद्धीवर आल्यावर ती नायिकेच्या शेजारी बसणाऱ्या प्रत्येकाकडे जळक्या डोळ्यांनी बघायची. मग नायिका तिच्या डोक्यात वही हाणायची. डोक्यावर वाफाळणारं टेंगूळ, आणि विनोद संपला.

मी ती मॉनिटर होते. म्हणजे शाळेत खरोखरची मॉनिटरही होते, पण ते सोडा.

ऋताला ही मॉनिटर प्रचंड आवडायची. नायिका नाडी बांधायला वाकतेय असं दिसलं की ती आधीच हसायला लागायची. “गेली, गेली, आता गेली बघ!” आणि कारंजं उडालं की हसता हसता तिचं डोकं माझ्या खांद्यावर यायचं. तिच्या केसांना त्यांच्या घरातल्या फोडणीचा आणि शिकेकाईचा मिळून एक वास होता. मीही हसायचे. मी त्या विनोदांची वाट बघायचे. माझ्यासारखीवर केलेला विनोद, आणि त्याचं बक्षीस मला. यात काहीतरी गोंधळ आहे हे तेव्हाही कळत होतं. पण खांद्यावर डोकं असताना कोण गोंधळ सोडवत बसतं?

नंतर मी या विषयावर लोकांचं बरंच काही वाचलं. कुणी म्हणतं, अशी माणसं जगात असतात हे आम्हांला पहिल्यांदा या कॉमिकांनी दाखवलं. कुणी म्हणतं, अशा माणसांना हसायचं असतं हे आम्हांला या कॉमिकांनी शिकवलं. मला दोन्ही पटतं, आणि दोन्ही एकाच दिवशी पटतं. त्या शाळेतून कुणाला काढून टाकलं नव्हतं. लिपस्टिकवाल्या सरांची बदली झाली नाही. भागाच्या शेवटी सगळे एकत्र बसून नूडल्स खायचे, टेंगूळवालीसुद्धा, आणि पुढच्या भागात सगळे पुन्हा हजर. मला मॉनिटरचासुद्धा हेवा वाटायचा. तिचं गुपित सगळ्या शाळेला माहीत होतं आणि तरी तिची जागा पहिल्या बाकावर तशीच होती. रक्त काही लपवता येत नाही. मला मात्र सगळं लपवता येत होतं. त्यात मी पटाईत होते.

फक्त एक गोष्ट खुपायची. इतक्या भागांत तिला कुणी एकदाही विचारलं नाही की बाई गं, तुला नक्की काय हवंय. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि मग हसता आलं नसतं. कोटवालीला असं काही विचारायची गरजच नव्हती. तिचा कोट होता, टाळ्या होत्या, चक्कर येणाऱ्या मुली होत्या. सगळ्यांना ठाऊक होतं की शाळा संपेल, कोट कपाटात जाईल. सोंग घेणारीला सगळं माफ असतं. सोंग न घेता तेच हवं असणारीला डोक्यात वही.

तर त्या श्रावणात ऋताच्या वहिनीची पहिली मंगळागौर होती. दादाचं लग्न नुकतंच मे महिन्यात झालं होतं. सगळी सूत्रं कुंदाआत्याच्या हातात. ऋताची ही आत्या शाळेत शिक्षिका होती आणि निवृत्त झाल्यावरही समोरच्या प्रत्येकाला वर्गच समजायची. कुणीतरी म्हणालं, पैसे देऊन ग्रुप बोलवू. आत्याने चष्म्यावरून बघितलं.

“म्हणजे आपण काय खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवायच्या? घरात एवढ्या घोड्या आहेत. नाचतील.”

घोड्या म्हणजे आम्ही. ऋता, तिच्या चुलत बहिणी आणि वर्गातल्या आम्ही दोघीतिघी.

त्यांच्या घरात खेळांच्या मध्ये एक सोंग करायची जुनी पद्धत होती. बायको माहेरी जायचं म्हणते, नवरा सोडत नाही, भांडण होतं, ती रुसते, तो मनवतो, आणि शेवटी ती उखाण्यात त्याचं नाव घेते की सगळ्या टाळ्या वाजवतात. बायको ऋता होणार हे ठरलेलंच होतं. आत्याने आमच्यावरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली.

“तू केतकी ना? तू होतेस का नवरा?”

माझे कान तापले. मला वाटलं, आत्ता, इथे, सगळ्यांसमोर माझ्या नाकातून रक्त येणार.

“नको. मला नाही जमणार.”

इतकं लगेच म्हटलं की आत्यालाही आश्चर्य वाटलं असावं. न जमण्याची मला मुळीच भीती नव्हती. भीती याची होती की मला फार चांगलं जमेल. बाकी कुणीही ते सोंग केलं असतं तर ते सोंग राहिलं असतं. मी ऋताचा हात धरून ‘जाऊ नकोस’ म्हटलं असतं, तर ते त्या खोलीत जरा जास्तच खरं ऐकू आलं असतं.

“मी होते की!” मागून तेजल म्हणाली. “माझी उंची कधी कामाला यायची?”

तेजल लालबागची. कॉलेजच्या कबड्डीच्या टीममध्ये होती, केस मानेपर्यंतच, आवाज मोठा, आणि कुणाच्याही घरात शिरली की पहिल्यांदा स्वयंपाकघरात जाऊन ‘काय आहे?’ विचारणारी. आत्याने तिला खालपासून वरपर्यंत बघितलं.

“शाब्बास. जावई मिळाला.”

मग गॅलरीत तालमी सुरू झाल्या. शेजारच्या काकू भाजी निवडत बघायला बसायच्या. तेजल धोतराचा सोगा झटकत यायची, ऋताच्या कमरेत हात घालायची आणि काकू ओरडायच्या, “ऋते, नवरा दांडगा मिळाला गं!”

“काकू, हुंडा पण नाय घेतला, बोला!” तेजल तिथल्या तिथे परतवायची.

मला कामं होती. फोनवर ढोलकी लावायची, पाणी आणायचं, आरसा धरायचा. मिशी ऋता काढायची. एका हाताने तेजलची हनुवटी धरायची आणि दुसऱ्या हाताच्या करंगळीवर काजळ घ्यायची.

“हलू नकोस.”

“गुदगुल्या होतायत गं.”

“नवऱ्यांना गुदगुल्या होत नाहीत.”

“तुला काय माहीत? किती नवरे केलेस?”

मी आरसा धरून उभी. आरशात तेजलचा चेहरा आणि ऋताचं बोट दिसायचं. मी त्यात नसायचे, कारण आरसा धरणारी आरशात दिसत नाही. ऋताच्या हाताला माझा हात चुकून लागला तरी मी सॉरी म्हणायचे. आणि ही सगळ्या मजल्यासमोर तिला मिठी मारते, उचलते, ‘माझे राणी’ म्हणते, आणि काकूंना हसून ठसका लागतो. मला तेजलचा राग येत नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. ती मला आवडायची, त्यामुळे माझी जास्तच अडचण झाली होती. जे मला जिवापाड हवं होतं ते तिला खेळायला मिळालं होतं, आणि ती खेळून झाल्यावर तोंड धुऊन डाळ-तांदळाच्या डब्यांवर बसून चिवडा खायची.

एकदा गॅलरीत आम्ही दोघीच होतो. घामाने तिची मिशी ओघळली होती. मी विचारलं, “तुला लाज नाही वाटत?”

“कसली?”

“असं... सगळ्यांसमोर.”

तिने ओढणीने ओठ पुसला. तिची आई मालवणची, आणि मनातलं बोलायचं असलं की ती आईची भाषा बोलायची. “माझो मामा दशावतारात बाईचा काम करता. गावाक लोक त्याच्या पाया पडतत. कोण हसत नाय.” मग पुन्हा मुंबईची झाली. “इथे उलटं आहे. इथे लोक हसले पाहिजेत. हसले नाहीत तर आपले वांधे.”

मला वाटलं ती सोंगाबद्दल बोलते आहे.

उखाणा लिहायचं काम आत्याने माझ्या गळ्यात घातलं. “तू गप्प असतेस, म्हणजे तुझ्या डोक्यात काहीतरी चालू असणार,” हा तिचा हिशोब. मी म्हटलं, आत्या, मी इंग्लिश मीडियमची आहे. ती म्हणाली, “मग? नवरे काय फक्त मराठी मीडियमचे असतात?”

म्हणजे ऋता दुसऱ्या कुणाचं तरी नाव घेणार, आणि ते कसं घ्यायचं हे मी तिला लिहून द्यायचं. मी घरी येऊन खोलीचं दार लावलं आणि मोबाइलवर, मराठी पण इंग्रजी अक्षरांत, लिहायला बसले. पुष्कळ ओळी पुसल्या. सगळ्याच फार गोड होत होत्या. शेवटी जे रोज आरसा धरून बघत होते तेच लिहिलं:

मटकीला मोड आले, उसळीला आली चव,
तेजलरावांच्या मिशीवरती काजळाचं दव.

ऋताने वाचलं आणि ती हसली नाही. “कसलं बघतेस गं तू,” एवढंच म्हणाली. आत्याने ‘दव’ला शाबासकी दिली. पण तालमीत ऋता एकदाही तो उखाणा पूर्ण म्हणेना. ‘उसळीला आली चव’पर्यंत यायची आणि मग, “पुढचं त्या दिवशी!” म्हणून पळायची. आत्या म्हणायची, “अगं, खोट्या नवऱ्याचं नाव घ्यायला काय लाजतेस?” आणि सगळ्या हसायच्या. तेजल तेवढी हसायची नाही. ती धोतराची गाठ नीट करत बसायची. हे मला आता आठवतं. तेव्हा मी ऋताकडे बघत होते.

मंगळागौरीच्या दिवशी पूजेला बसलेल्या नव्या नवऱ्या मुक्याने जेवतात. एक शब्द बोलायचा नाही, हवं ते खुणेने मागायचं. वहिनी आणि तिच्या बरोबरीच्या मुली पानांवर बसल्या होत्या आणि वाढणाऱ्या बायका मुद्दाम त्यांना बोलतं करायला बघत होत्या. वहिनीला मीठ हवं होतं, आत्या तिला लिंबू देत होती. मी कोपऱ्यात बसून बघत होते. या बाबतीत मी कुणालाही हरवलं असतं.

संध्याकाळी गिरगावातल्याच एका छोट्या हॉलमध्ये खेळ झाले. भाजणीच्या वड्यांचा वास, चाफ्याचे गजरे, पंख्याखाली जागा पकडून बसलेल्या आज्या. पिंगा झाला, सुपं झाली, आणि तेजल मिशीला ताव देत आत आली. हॉल कोसळला. आज्या सुद्धा डोळे पुसत होत्या. ऋता रुसली, तेजलने गुडघ्यावर बसून तिला मनवलं, कान धरले, उठाबशा काढल्या. मग ऋता पुढे आली. पदर सावरला. सगळं शांत झालं.

“मटकीला मोड आले, उसळीला आली चव...”

ती थांबली. तिने तेजलकडे बघितलं. मग समोरच्या गर्दीत कुठेतरी बघितलं, आणि तिची नजर माझ्यावर आली.

“केतकीरावांच्या मिशीवरती काजळाचं दव.”

एक क्षण कुणालाच काही कळलं नाही. मग जो हशा झाला तसा मी आयुष्यात ऐकलेला नाही. आत्या उभी राहून म्हणाली, “अगं, नवरा बदललास की काय! आणि या नवऱ्याला मिशीच नाही!” कुणीतरी मला धरून पुढे ढकललं. कुणीतरी माझ्या ओठावर काजळाचं बोट ओढलं. तेजल कपाळावर हात मारून “माझा संसार मोडला!” म्हणून रडायला लागली. ऋता तोंडावर पदर घेऊन हसत होती. मीही हसले. इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते हसण्याचंच आहे असं सगळ्यांना वाटलं.

त्या संध्याकाळवर मी पुढची कितीतरी वर्षं काढली. लोकांकडे जमिनी असतात, दागिने असतात. माझ्याकडे ती एक ओळ होती. माणूस घाईत बोलतो तेव्हा जे मनात असतं तेच ओठावर येतं, असं मी स्वतःला सांगितलं. तालमीत नाव घेत नव्हती, कारण तिच्या मनात दुसरंच नाव होतं. किती नीट जुळत होतं! मी ते कुणाला दाखवलं नाही, ऋताला तर नाहीच. कॉलेज संपलं, नोकऱ्या लागल्या, भेटी कमी झाल्या. तेजल काही वर्षं बंगळूरला होती, मग परत आली. ऋताने परळला भाड्याने घर घेतलं आणि तेजल तिची रूममेट झाली. मला थोडं टोचलं, पण थोडंच. माझ्याकडे माझी ओळ होती. तेजल काय, तेजल म्हणजे सोंग. कॉमिक वाचून मी एवढंच शिकले होते की हसवणारी माणसं खरी नसतात.

मागच्या आठवड्यात दोघींनी मला जेवायला बोलावलं. तेजल आंबोळ्या घालत होती. श्रावण म्हणून मासे नाहीत, काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं. “आईने शपथ घातलीय, नायतर तुला बांगडा खिलवला असता,” ती आतून ओरडली. ऋता माझ्यासमोर बसली आणि बराच वेळ पाण्याचा ग्लास फिरवत राहिली.

“केतकी, आम्ही रूममेट नाही आहोत.”

मी तिच्याकडे बघितलं. मग स्वयंपाकघराकडे. तव्यावरचा चर्र आवाज थांबला होता.

“कधीपासून?” माझा आवाज नेहमीसारखाच आला. मला त्याचं कौतुक वाटलं.

“वहिनीच्या मंगळागौरीपासून. म्हणजे त्याच्या आधीपासूनच, पण तेव्हा आम्हांला नीट कळलं.” ती हसली. “तुला आठवतं, मी उखाण्यात तुझं नाव घेतलं होतं? त्याचं मला कितीदा वाईट वाटलंय. तेजलचं नाव तोंडातून निघेचना. सगळ्या हसतील याची भीती नव्हती गं. हसणारच होत्या. मला वाटलं, मी ते नाव घेतलं आणि कुणीच हसलं नाही तर? मग समोर तू दिसलीस. तुझं नाव घेतलं तर काहीच होणार नव्हतं.”

काहीच होणार नव्हतं.

“मला तर आठवतही नाही,” मी म्हटलं.

तेजल उलथनं हातात धरून दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला वाटतं, त्या घरात तेवढ्या वेळात तिला एकटीला काहीतरी कळलं. ती आत गेली आणि तिने माझ्या पानात आणखी एक आंबोळी आणून घातली.

मग ऋता मुद्द्यावर आली. रविवारी तिची आई आणि कुंदाआत्या पहिल्यांदा हे घर बघायला येणार होत्या. घरी तिने सांगून ठेवलं होतं की तिघी मिळून राहतो, केतकीपण आहे. “तुझं नाव घेतलं की आई निश्चिंत होते. दारावर पाटी करायला टाकतेय. तिघींची नावं टाकू? तू फक्त रविवारी ये. थोडे कपडे आणून ठेव. बाकी काही नाही.”

“मी तिला नको म्हणत होते,” तेजल म्हणाली.

“मग काय करू? आत्या एकेक कपाट उघडून बघेल. तुला माहितीये ती कशी आहे.”

दोघी माझ्याकडे बघत होत्या. ऋता तशीच बघत होती, पान उलटायची वाट बघताना बघायची तशी. तिला द्यायला मला कधीच काही जड गेलं नव्हतं. हेही गेलं नसतं. एक रविवार, दोन ड्रेस, दारावर एक ओळ.

“नाही,” मी म्हटलं.

दोघींनाही कळलं नाही.

“माझं नाव नको. या वेळी तिचं घे.”

ऋताचा चेहरा आधी उतरला, मग तिचे डोळे भरले. ती उठून आली आणि तिने मला मिठी मारली, घट्ट, तेजलच्या देखत. “तू किती मोठ्या मनाची आहेस गं,” ती माझ्या खांद्यात म्हणाली. मी तिच्या पाठीवर थोपटलं. मन मोठं वगैरे काही नव्हतं. त्या दोघींच्या घराच्या दारावर, त्या दोघींच्या नावांखाली, ज्याने काहीच होणार नाही असं नाव म्हणून मला लागायचं नव्हतं. त्यांना माझ्या नकारातून आयतं धैर्य मिळालं तर मिळो. मत्सरातूनसुद्धा एखादी बरी गोष्ट निघत असेल. मी काही ती ठरवून काढली नाही.

रविवारी मी घरीच होते. काही वाचलं नाही, काही बघितलं नाही, दिवसभर फोन उपडा ठेवला.

काल ऋताचा मेसेज आला. आईने स्वयंपाकघरातले डबे पुन्हा लावून दिले. आत्या दारातच बराच वेळ पाटी वाचत उभी राहिली, मग चपला काढून आत आली आणि म्हणाली, “नवऱ्याला सांग, चहा टाक.” पुढे ऋताने लिहिलं होतं, आत्या हे थट्टेत म्हणाली का खरंच, ते मला अजून कळलेलं नाही. तेजल मात्र चहा टाकून बाथरूममध्ये जाऊन रडली.

खाली पाटीचा फोटो होता. मी तो मोठा करून बघितला. लाकडी पाटी, पांढरी अक्षरं. तेजलचं नाव वर, ऋताचं खाली, आणि दोन्ही इतकी जवळ जवळ की मध्ये नखही शिरलं नसतं.

मी ‘छान’ असं लिहिलं. मग ते पुसून ‘खूप छान’ असं लिहिलं, आणि पाठवलं.